खाजणातला फोटो

“मग ट्रायपॉड घेऊ की मोनोपॉड, आप्पा?”

शार्दूलने आणलेला फोटो मांडीवर घेऊन आप्पा मोकल ओट्यावर बघत बसले होते.

शार्दूल त्यांच्या हाताखाली सात वर्षं शिकला होता. खाडीकाठी त्याच्या तोडीचा फोटोग्राफर नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणायचे थांबले की तो स्वतः म्हणे.

फोटोत मावळतीचा उजेड होता. ओहोटीला तिसऱ्या-शिंपल्या वेचायला गेलेली एक बाई खाजणाच्या चिखलात कंबरेपर्यंत रुतली होती, आणि भरतीचं पाणी तिच्याभोवती चढत होतं. तिने एक हात पुढे केला होता.

“तिची बोटं जराशी हललेली आलीत,” शार्दूल म्हणाला. “ट्रायपॉडचा एक पाय चिखलात खचला. नाहीतर दिल्लीच्या स्पर्धेचं पहिलं बक्षीस कुठे जात नव्हतं. आता भक्कम काहीतरी घ्यायचंय.”

“बोटं ट्रायपॉडमुळे हलली?”

शार्दूल कॅमेऱ्याचा पट्टा आवळू लागला.

“बाईचं काय झालं?”

“ती बुडाली हे सगळ्या गावाला माहीत आहे, आप्पा.” शार्दूलने नजर खाली वळवली. “मी फार लांब होतो. पोलिसांना सांगितलं, तिच्या नवऱ्यालाही सांगितलं. हात पोचण्यासारखा नव्हता.”

“लेन्स कुठली?”

“पस्तीसची. झूम होत नाही ती.”

“फोटो कापलास?”

“चारी बाजूंनी जसाच्या तसा आहे.” एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्याची मान ताठ झाली. “कापून मोठा करायचा, तर फोटोग्राफर कशाला म्हणवून घ्यायचं? तुम्हीच शिकवलंत.”

“हां. मीच शिकवलं.”

आप्पा ओट्यावरून उतरले. गुडघे गेल्यापासून त्यांनी आपल्या जुन्या, एकाच पायाच्या मोनोपॉडचीच काठी केली होती. ती टेकत ते अंगणात गेले आणि मधोमध मातीत बसले.

“कॅमेरा काढ. तीच लेन्स लाव. चौकटीत मला त्या बाईएवढा कर.”

शार्दूल फाटकापाशी जाऊन उभा राहिला. तिथून आप्पा अंगठ्याएवढे दिसत होते.

“झालो तिच्याएवढा?”

“नाही.”

“मग पुढे ये.”

तो तुळशीपर्यंत आला. तरी नाही. फोटोत त्या बाईच्या नाकातली चमकी दिसत होती, कपाळाला चिकटलेले केस दिसत होते. इथेच थांबावं असं त्याला फार वाटलं. पण चौकट जुळेपर्यंत थांबायचं नाही, ही सात वर्षांची सवय पायांत मुरली होती. पाय पुढेच येत राहिले.

चौकट जुळली तेव्हा आप्पा त्याच्यापासून तीन पावलांवर होते. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

“झालो?”

“हो... उजेड जात होता, आप्पा. म्हटलं एकच फोटो, मग लगेच...”

“हाक मारली तिनं?”

“मारली.”

“काय म्हणाली?”

“दादा म्हणाली.”

आप्पांनी मोनोपॉडच्या खिट्ट्या सैल केल्या. आतली एकेक नळी सावकाश ओढून बाहेर काढली. मग बसल्या जागेवरून त्यांनी हात पुढे केला.

मोनोपॉडचं रबरी टोक शार्दूलच्या छातीला टेकलं.

त्याने ते दोन्ही हातांनी धरलं. का धरलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पण धरल्यावर सोडवेना.

“मोनोपॉडच घे,” आप्पा म्हणाले. “लांबी पुरते.”