होडीखालचा गाडा

एका गावात एक होडीवाला राहत होता, आणि त्या गावाला दोन्ही अंगांनी पाणी होतं. एका बाजूला खारी खाडी, दुसऱ्या बाजूला गोड्या पाण्याचं भलंमोठं तळं. मधे वाळूची टेकडी. खाडीतली होडी तळ्यात न्यायची तर टेकडी ओलांडावी लागे, आणि होडीला काही पाय नसतात. म्हणून प्रत्येक होडीवाल्याकडे एक दोनचाकी गाडा असे. बैल तो गाडा चाकं बुडेपर्यंत खाडीत नेत, होडी तरंगत तरंगत त्याच्यावर येऊन बसे, आणि मग बैल तिला ओढत वर आणत.

हिवाळ्याच्या सकाळी तिथे दाट धुकं पडे. धुक्यात गाडा दिसत नसे, बैलही दिसत नसत. दिसे ती नुसती होडी, पांढऱ्या धुक्यातून सावकाश टेकडी चढणारी. मुलांना वाटे, आपल्या गावात होड्या जमिनीवरूनही वाहतात. मोठ्यांनाही बहुधा तसंच वाटत असावं, कारण गाड्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

आपल्या होडीवाल्याचं नाव गोमाजी. त्याच्या होडीचं नाव चांदणी, आणि ती होती नावासारखीच. गोमाजीनं तिच्यात एक पेटी ठेवली होती. पेटीत जादा दोर, शिडाचं कापड, दाभण, सुतळी, फटी बुजवायला राळ आणि कापूस. बाजूला जादा वल्हंसुद्धा होतं, नक्षी कोरलेलं. होडीला काहीही झालं तरी गोमाजीकडे इलाज तयार होता. गाड्यासाठी मात्र त्या पेटीत एक खिळासुद्धा नव्हता.

"गाडा काय, कोसभर चालतो," गोमाजी म्हणे. "होडी जन्मभर चालते."

त्याच्या शेजारी चांगुणामावशी राहत असे. तळ्यातून कमळाची देठं काढून ती पोट भरी. तिच्या होडीला इतकी ठिगळं होती की मूळ फळी कुठली हे तिलाही सांगता आलं नसतं. पण तिच्या गाड्याखाली एक गाठोडं बांधलेलं असे. त्यात चाकाच्या दोन जादा खिळी, वंगणाचा नळा, हातोडा, कानस, पहार आणि चार लाकडी ठोकळे. खारं पाणी वंगण धुऊन नेतं आणि लोखंड खातं, एवढं तिला ठाऊक होतं. गाव तिला हसे.

"मावशी, होडी नेतेस की लोहाराचं दुकान?" गोमाजी विचारी.

"दोन्ही," मावशी म्हणे आणि पुढे जाई.

गोमाजीची एकुलती एक लेक रेवू तळ्याच्या पलीकडच्या गावात दिली होती. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही त्या मुलखाची रीत. आणि लेकीला आणायचं ते सातव्या महिन्यात, कारण आठवा लागला की तिला जागचं हलवत नसत. गोमाजीनं आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस काढले. चांदणीला नवा रंग दिला, शीड धुतलं. रंग वाळला तेव्हा सातव्या महिन्याचा शेवटचा दिवस उरला होता. रेवूला आई नव्हती. तिला माहेर म्हणजे एकटे आबा, आणि आज आबा पोचले नाहीत तर ते माहेरही तिला मिळणार नव्हतं. त्यातून दुपारी तळ्यावर वारा सुटे, आणि वारा सुटला की दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी होडी सोडत नसे. म्हणजे जे काही करायचं ते दुपारच्या आत.

पहाटेच गोमाजीनं चांदणी गाड्यावर घेतली आणि टेकडी चढायला लागला. सगळीकडे धुकं होतं. वाळू ओली होती, बैलांच्या पावलांचा आवाजही येत नव्हता. गोमाजी अर्धा जागा, अर्धा स्वप्नात चालत होता. त्याला रेवू दिसत होती, हिरव्या लुगड्यात, चांदणीच्या मधल्या फळीवर बसलेली. चाक बराच वेळ कुरकुरत होतं, पण त्याला ते कुठल्या तरी पाखराचं ओरडणं वाटलं.

मग खाडकन आवाज झाला. डाव्या चाकाची गंजलेली खीळ तुटली, चाक आसावरून निसटलं आणि वाळूत आडवं पडलं. चांदणी एका कुशीवर कलली.

गोमाजीनं पेटी उघडली. दोर होता, राळ होती, दाभण होतं. दाभणानं चाक शिवता येत नाही. त्यानं पेटी मिटली, पुन्हा उघडली आणि पुन्हा मिटली.

तेवढ्यात मागून चांगुणामावशीचा गाडा आला. गोमाजी झटकन उठून मोडक्या चाकाच्या पुढे उभा राहिला.

"का रे गोमा, थांबलास?"

आता इथे खरं सांगायचं तर चार शब्द पुरले असते. पण ज्या गाठोड्याला इतकी वर्षं हसलो त्याच्यापुढे हात पसरायचा म्हणजे जीभ जड होते.

"बैलांना विसावा देतोय, मावशी," तो म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाली. तिचा गाडा धुक्यात शिरला, आणि थोड्या वेळानं तिची ठिगळांची होडी तेवढी वर वर जाताना दिसली. मग तीही दिसेनाशी झाली.

गोमाजी वाळूत बसून राहिला. धुकं हळूहळू विरळ झालं. टेकडीवरून खाली तळं दिसू लागलं, आणि अगदी दूर, पलीकडच्या काठावर, काहीतरी हिरवं दिसलं. पान असेल, लव्हाळं असेल. पण बापाचा जीव, त्याला ती रेवूच वाटली. सकाळपासून उभी असेल, उन्हात, पाय सुजलेले, आणि आपण इथे लाज सांभाळत बसलोय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचा फार राग आला. तो उठला आणि धावत सुटला.

मावशीची होडी नुकतीच पाण्यात उतरली होती. गाड्याचा बैल सावलीत बसला होता.

"मावशी, खोटं बोललो," गोमाजी धापा टाकत म्हणाला. "चाक निघालंय. माझ्याकडे काहीच नाही."

"चांदणी कललेली दिसली होती मला," मावशी म्हणाली. "पण तू विसावा म्हणालास. न मागणाऱ्याला काय द्यायचं?" तिनं काठावर बोट दाखवलं. गाठोडं आधीच गाड्याखालून सोडून, वाळूत मांडून ठेवलेलं होतं. "घे. आणि वारा सुटायच्या आत रेवूला मी घेऊन येते."

"मग मीही येतो तुझ्याबरोबर."

"आणि अलीकडे आणल्यावर तिला टेकडीवरून चालवत नेशील? माझा बैल म्हातारा, तो आता संध्याकाळपर्यंत उठायचा नाही. तू गाडा नीट कर."

गोमाजीनं पहार खांद्यावर टाकली, गाठोडं काखेत मारलं आणि टेकडी चढला. होडीतलं सामान त्यानं वाळूत उतरवलं. पहारेनं आस बोटभर उचलायचा, खाली ठोकळा सरकवायचा, परत बोटभर उचलायचा. तुटलेल्या खिळीचं टोक हातोड्यानं ठोकून काढलं. मावशीची खीळ जरा जाड होती, ती कानशीनं घासली. चाक चढवलं, नळ्यातलं वंगण बोटांनी आत भरलं. हात कोपरापर्यंत काळे झाले, नव्या रंगावर त्याचे डाग पडले, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तो तळ्याकाठी पोचला तेव्हा पाण्यावर पहिल्या लाटा उठत होत्या. आणि त्या लाटांवरून ठिगळांची होडी काठाला लागत होती. मधल्या फळीवर रेवू बसली होती, ओटीत सासूनं बांधून दिलेलं नारळ-तांदळाचं ओझं.

"आबा, मी पहाटेपासून चांदणीची वाट बघत होते," ती म्हणाली.

गोमाजीनं चांदणीला गाड्यावरून खाली वाळूत ढकललं आणि तिथेच सोडलं. धुतलेलं शीड गाड्यावर अंथरलं, त्यावर लेकीला बसवलं आणि बैल जोडले. मावशीला त्यानं वाकून नमस्कार केला.

"पुढच्या खेपेला माझ्या दोन्ही खिळी परत आण," मावशी म्हणाली. "आणि तुझ्या स्वतःच्या चार कर."

परतीची वाट उन्हात पांढरी झाली होती. गोमाजी बैलांना हाकत नव्हता, त्यांच्या चालीनं चालू देत होता. दर थोड्या वेळानं तो थांबे, खाली बसे आणि चाकाच्या मधोमध तळहात टेकवून बघे.

"काय बघता, आबा?" रेवूनं विचारलं.

"ताप आहे का बघतो," तो म्हणाला. "इतकी वर्षं मी याला कधी हातच लावला नव्हता. आणि आज तू याच्यावर बसलीस."

तात्पर्य: जे मिरवता येतं त्याचीच काळजी घेऊन भागत नाही, ते सारं ज्याच्या जिवावर पुढे सरकतं त्याचीही तजवीज निघण्याआधी करावी. आणि ती करायची राहिलीच, तर अडल्यावर ‘अडलोय’ म्हणायला उशीर करू नये.