कुंभारणीचा सिनेमा

“म्हणजे अळीची माशी होतच नाही म्हणतोस?”

केदारबुवांनी दात घासता घासता हात थांबवला.

“नाही होत,” सातगोंडा म्हणाला. त्याच्या काखेत वळकटी होती. मठ सोडून निघाला होता तो.

मी ओटा सारवत होतो. हात चालू ठेवला, पण कान तिकडंच.

भिंतीवर मातीचं घर बांधणारी ती माशी, आपण कुंभारीण म्हणतो ती, अळी धरून आणते आणि आत कोंडते. कोंडलेली अळी माशीचं ध्यान करते आणि ध्यान करता करता माशीच होऊन बाहेर पडते. शिष्यानं गुरूपाशी असं राहावं... बुवा दर गुरुवारी हे सांगायचे. सातगोंडा तर त्यांच्यापेक्षा गोड सांगायचा. लोक त्याला आत्ताच ‘धाकटे बुवा’ म्हणायला लागले होते. त्याला ते आवडायचं.

आदल्या दिवशी बाजारच्या तंबूत शाळाखात्याची माणसं सिनेमा घेऊन आली. मुका सिनेमा. पडद्याशेजारी एकजण काठी घेऊन समजावून सांगत होता. राजा नाही, राणी नाही. नुसती कुंभारीण.

“नीट सांग बाबा,” बुवा म्हणाले. “घर तर लिंपलेलं असतं. आतलं दिसलं कसं?”

“एका बाजूची माती खरवडून काच लावली होती.”

“काच...” बुवांचे डोळे बारीक झाले. “डोकेबाज माणसं. बरं, पुढं?”

“माशी आधी आपलं अंडं घालते. मग अळ्या आणून भरते. नांगी मारलेली असते, म्हणून हलत नाहीत.”

“मेलेल्या?”

“जित्या. नुसत्या पडून.”

“आणि आपण म्हणायचो, ध्यानाला बसल्यात...”

“हो.” सातगोंडाचा आवाज चिरकला. “अंड्यातनं पिल्लू निघतं, ते त्यांना खातं. एवढ्या मोठ्या पडद्यावर, बुवा. सगळा तंबू वळून माझ्याकडे बघत होता. मागनं कोणीतरी म्हणालं, धाकटे बुवा, सांभाळून हं.”

बुवांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं नाही.

“हसताय तुम्ही. मी इतकी वर्षं इथं कशाला बसलो? तुमच्यासारखं व्हायला. आणि अळी तर खाऊन संपते. फसवलंत मला.”

“मला माझ्या गुरूंनी असंच सांगितलं होतं. आमच्यातल्या कुणी काच लावून बघितलं नाही.”

“म्हणजे चुकलं म्हणता?”

“चुकलं की.”

सातगोंडा भांडायला आला होता. त्यानं वळकटी दुसऱ्या काखेत घेतली.

“जायचं तर जा,” बुवा म्हणाले. “पण सिनेमा पुरा सांगून जा. ती कुंभारीण तेव्हा कुठं असते?”

“तोंड लिंपून निघून जाते. परत फिरकत नाही.”

“मग पिल्लाला कोण बघतं?”

“कोणी नाही.”

“आत त्याच्याजवळ...”

“नुसती अळी.”

“आणि शेवटी बाहेर?”

“पिल्लूच. पंख फुटून.”

“अळी खाऊन?”

“...हो.”

माझं सारवण संपलं, तरी मी तिथंच उकिडवा.

मग बुवांनी स्वतःचा डावा हात उचलला. वाळलेला, कातडी लोंबलेली. आजच दिसल्यासारखा उलटासुलटा करून बघत राहिले.

“मी समजत होतो, कुंभारीण मी.”

सातगोंडाची वळकटी काखेतनं घसरत होती. त्यानं ती सावरली नाही.

बुवांनी तो हात त्याच्यापुढं धरला.

“बस. अजून थोडा उरलोय मी.”