माजघरातलं झोपाळू बटण

बटणं एकमेकांशी बोलायची तेव्हाची ही गोष्ट. त्या दिवशी ऊन इतकं तापलं होतं की कौलांवर मांजरसुद्धा पाय ठेवत नव्हतं.

वसंत घरतांच्या घरात बिनतारी निरोप चालायचे. स्लॅबच्या दिवशी घमेली जातात तसे ते एका बटणाकडून दुसऱ्याकडे, हातोहात, मागच्या गोठ्यातल्या पंख्यापर्यंत जायचे. माजघरात तारेचं एक साधं बटण होतं. घरच्या विजेवर ते सदा जागं राहून सगळ्यांचे निरोप पुढे द्यायचं. शेजारचं गुळगुळीत बटण सेलवर चालायचं. आपला निरोप सोडला की ते झोपायचं.

"काय हमाल, आज किती ओझी वाहिली?" ते विचारायचं.

"मोजली नाहीत, दादा."

त्या दुपारी रंगारी आला. त्याने तारेचं बटण सोडवून खिडकीत ठेवलं. "चला, भिंत मोकळी झाली," गुळगुळीत बटण म्हणालं.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस धापा टाकू लागली. वसंतरावांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, गुळगुळीत बटण दाबलं. पंखा ढिम्म. सेल बदलला, तरी ढिम्म.

"हे बादच दिसतंय. उद्या भंगारात देऊ," वसंतराव म्हणाले.

बटणाची झोपच उडाली.

संध्याकाळी रंगाऱ्याने तारेचं बटण परत जोडलं. शेवंताबाईंनी जाता जाता गुळगुळीत बटण शेवटचं म्हणून दाबलं, आणि पंखा गरगरला.

तारेचं बटण हळूच म्हणालं, "आज मोजलं हो दादा. एकच ओझं वाहिलं, तुमचं. झोपा आता."