पितळेवरच्या रेघा

“मग यातलं चांगलं कुठलं, तेवढं तरी सांगशील का न्हाई, आक्का?”

सटुप्पानं तिसऱ्यांदा विचारलं. नागाक्का लोहारीण भात्याशी बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

तिच्या पुढ्यात गोणपाटावर अकरा रिकामी काडतुसं उभी होती. पितळेची, जुनी, पण नुसती लखलखत होती. पिशवी उलटी करताना त्यांच्यासंगं पॉलिश पेपरचा झिजलेला तुकडा खाली पडला होता. तो तसाच पडून राहिला.

दुपार होती, पण धुकं पार उंबऱ्याला येऊन बसलेलं. पाच पावलांवरचा फणस दिसत नव्हता.

सटुप्पा गावडे फौजेतनं हवालदार होऊन परत आलेला माणूस. पन्नाशी गाठलेली, पाठ अजून ताठ. बाप परसू गेल्यापासून बापाची दुनळी बंदूक माळ्यावर पडून होती. शेतराखणीचा परवाना यंदा सटुप्पाच्या नावावर झाला आणि त्यानं ती खाली काढली. म्हातारी आई म्हणाली, ठेव वर. त्यानं ऐकलं नाही. आई त्या दिवशी जेवली नाही.

रताळ्याचं निम्मं रान डुकरांनी उकरून टाकलं होतं. आज मचाणावर बसायचं, हे त्याचं ठरलं होतं. नवी काडतुसं त्याला परवडत नव्हती. शिवाय आताची दारू असल्या म्हाताऱ्या नळीला सोसत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. म्हणून जुनीच भरून घ्यायची. आणि भरून देणारी पंचक्रोशीत एकटी नागाक्का उरली होती. सासऱ्याची विद्या सुनेकडं आली, अशातली गत. मापात तिचा हात कधी चुकला नाही, आणि तोंडही कधी नरमलं नाही.

तिनं एक काडतूस उचललं. बूड वर करून उजेडाला धरलं. अंगठा फिरवला. ठेवलं. दुसरं उचललं. अकराच्या अकरा तशीच बघितली.

“हे कुणी केलं?”

“काय?”

“ही चकाकी.”

सटुप्पा खुलला. दोन दिवस खपलो म्हणाला. आधी चिंच, मग राख, वर पॉलिश पेपर. फौजेत पितळेत साहेबाला तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर शिक्षा. गावातल्या माणसांना ही शिस्त कुठली ठाऊक असायला.

“तोंड दिसतंय व्हय?”

“बघ की. लख्ख.”

“आनि वय?”

सटुप्पाला कळलं नाही.

नागाक्काच्या घरची एक रीत होती. काडतूस एकदा भरलं की त्याच्या बुडावर खिळ्यानं बारीक एक रेघ ओढायची. दुसऱ्यांदा भरलं की दुसरी. पाच झाल्या की त्याला परत दारू नाही. मग मालक पाया पडो नाहीतर शिव्या देवो, ते काडतूस भिंतीवरच्या खिळ्याला जायचं. परत परत तापून पितळ मरतं. वरनं दिसत नाही, म्हणून रेघ.

सटुप्पानं मान वळवली. मागची भिंत भरून काडतुसं लटकत होती. काळी, हिरवी पडलेली, तोंडं सगळी बाहेर. त्यांचे मालक बहुतेक मसणात गेलेले.

“अकराच हैत,” नागाक्का म्हणाली. “काडतुसाच्या पट्ट्याला घरं किती?”

“बारा. एक हरवलं असंल कुठंतरी.”

“असंल…”

त्यानं मग जरा आवाज चढवला. म्हणाला, रेघा पुसल्या तर पुसल्या, पितळ तर जाग्यावर आहे. तू जुनं माणूस, तुला नुसत्या बोटानं कळत असेल. चार निवडून दे, बास.

“निवड की तूच. फौजेत हुतास.”

त्यानं निवडायला घेतलं. एक वाजवून बघितलं, एक हुंगलं, एकाच्या तोंडात डोळा घातला. चार बाजूला काढली. मग त्यातली दोन परत ठेवली. मग ती दोन कुठली, तेच त्याला ओळखू येईना. अकराही सारखी. प्रत्येकात त्याचंच तोंड, बारीक आणि वाकडं.

नागाक्कानं हात पुढं केला.

“नळ्या काढ.”

त्यानं बंदूक मोडून नळ्या सुट्या केल्या. दोन्ही नळ्यांच्या अंगावर सापाच्या कातीगत नक्षी होती. तिनं त्यांना दोरा बांधला, आढ्याला टांगल्या आणि त्याच्या हातात चिंचेची काडी दिली.

“मार. हलक्यानं. आदी उजवी.”

त्यानं मारली. देवळातली घंटा लांबनं यावी तसा नाद निघाला. कितीतरी वेळ राहिला.

“आता डावी.”

त्यानं मारली… थप्. ओल्या मातीवर, तडकलेल्या मडक्यावर मारल्यागत.

त्यानं परत मारली. परत तेच.

“गंज असंल आत,” तो म्हणाला.

“असंल…”

मग तिनं विचारलं, ही बंदूक शेवटची कुणी उडवली. बापानं, तो म्हणाला. एकेचाळीस वर्षं झाली. त्याच रात्री डुकरानं त्याला फाडला. हे सांगताना सटुप्पाची छाती नेहमीसारखी फुगली. जखमी एकुलगा डुक्कर अंगावर आला तरी परसू गावडे मागं सरला नाही, हे त्यानं पलटणीत शंभरदा सांगितलेलं. बांधावर बापाच्या नावाचा दगड होता. दगडावर डुक्कर कोरलेलं. अमावास्येला नारळ फुटायचा.

“कुठं फाडला?”

“मचाणाखाली. रताळ्यातच.”

“अंगाला कुठं, म्हनते मी.”

“…तोंडाला.”

“तू बघितलंस?”

“तोंड झाकलेलं हुतं. मी नऊ वर्साचा.”

नागाक्कानं भात्याची दोरी सोडली. निखारे काळे पडायला लागले.

“डुक्कर मांडी फाडतंय, सटुप्पा. लई तर पोट. उभ्या मानसाच्या तोंडापत्तुर त्येची मान न्हाई पोचत.”

सटुप्पानं टांगलेल्या डाव्या नळीकडं बघितलं.

भिंतीवर कुठंतरी एका काडतुसानं शीळ घातली. अगदी बारीक, ओठ फाटलेल्या माणसानं फुंकावी तशी. मग दुसऱ्यानं. मग सगळ्या भिंतीनं.

“वारं सुटलं,” तो म्हणाला.

नागाक्कानं हनुवटीनं चुलीकडं दाखवलं. धूर सरळ वर चालला होता, ओळंबा धरल्यासारखा. दारातलं धुकं तसूभर हललं नव्हतं.

आणि टांगलेली डावी नळी हुंकारायला लागली. तिला कुणी हात लावला नव्हता. झोपेत कुणी हाक मारली की माणूस जसा ओ देतो, तसा तो आवाज होता.

नागाक्का उठली. तळवा नळीवर ठेवला. आवाज थांबला, तशी भिंतही गप झाली. तिनं वरच्या रांगेतल्या एका खिळ्याचं काडतूस काढलं आणि गोणपाटावर ठेवलं, अकरांच्या शेजारी.

काळं. न घासलेलं. बूड मागनं उलून पाकळ्यांसारखं बाहेर आलेलं.

सटुप्पानं उचललं. फौजेतला माणूस होता. काडतूस मागनं फुटलं की आग कुठं येते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. बंदुकीला गाल लावलेल्या माणसाचा डोळा कुठं असतो, तेही.

“हे… कुनी आनलं हितं?”

“तुज्या आईनं. तिसऱ्या दिवशी, पदराखाली घालून. म्हनली, न्हेयाला कोनतरी येईल.”

त्याचा अंगठा आपोआप बुडाच्या उरल्यासुरल्या कडेवर फिरला. तिथं रेघा होत्या. त्यानं मोजल्या.

“आठ…”

“पाच आमच्या सासऱ्याच्या. पाच झाल्यावर खिळ्याला अडकवलेलं. परसूनं हितनंच वरबाडून न्हेलं. म्हनला, पितळ हाय, मडकं न्हवं फुटायला. मग घरीच भरत बसला.”

“आनि ह्या तीन?”

“त्येच्या हातच्या.”

सटुप्पानं त्या तीन रेघा उजेडाला धरल्या. पाच सरळ होत्या. तीन वाकड्या, पण नीट ओढलेल्या. चोरून भरणारा माणूससुद्धा रीत मोडायला धजला नव्हता. त्याला प्रत्येक खेपेला आकडा ठाऊक होता.

“म्हंजे त्येला कळत हुतं.”

“कळत हुतं.”

“तरी?”

 नागाक्का परत भात्याशी जाऊन बसली, पण दोरी ओढली नाही.

 सटुप्पाची ताठ पाठ कधी वाकली, ते त्यालाही कळलं नसावं. त्यानं आढ्याच्या नळ्या सोडल्या, फडक्यात गुंडाळल्या. अकरा काडतुसं एकेक करून तिच्याकडं सरकवली. ठेव भिंतीला म्हणाला, मला नकोत. आज बसत नाही मी. रताळी गेली तर गेली.

बारावं मात्र त्यानं मुठीतच धरलं होतं.

उंबऱ्याशी गेला आणि थांबला. धुक्याकडं तोंड करूनच बोलला.

“आक्का… ह्ये गावात कुनाला कळाय नको. दगड बसवलाय आमी. त्येच्यावर डुक्कर हाय. इतकी वर्सं नारळ फोडतोय. हाय तसं ऱ्हाऊ दे.”

नागाक्का वाकली. गोणपाटाशेजारचा पॉलिश पेपरचा तुकडा तिनं उचलला, आणि उठून त्याच्या मोकळ्या हातात दिला.

“घे,” ती म्हणाली. “हेबी घास.”