देवाचं निर्माल्य

समुद्रकाठचं आमचं घर पर्यटकांना भाड्यानं देताना मी दारावर हौसेनं पितळी पाटी लावली, ‘अतिथी देवो भव’. अक्कल तेवढी लावायची राहिली.

निवृत्त सचिव रणदिवेसाहेब राहून निघाले, तेव्हा खोलीभर कोळंबीची सालं आणि बाटल्या पडल्या होत्या. मी घसा खाकरला. त्यांनी पाटीकडे बोट दाखवलं. “देवाला कुणी केर काढायला लावतं का?”

मी चक्क मान डोलावली.

बायकोनं, शालननं, सगळा कचरा पिशव्यांत भरून त्यांच्या गाडीत ठेवला. “देवा, आमच्याकडे विसर्जनाला निर्माल्य देवाबरोबरच जातं.”

साहेब पिशव्या सरकवून गाडीत बसले.

तेव्हापासून मी माझी कपबशी स्वतः विसळतो. नवऱ्यालाही देवच म्हणतात, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.