गोजराबाईची आगाऊ कपात

"माझ्या साठवलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा कापला? का म्हणून?" गोजराबाई कडाडली.

"राजाचा कर म्हणून, बाई!" खजिनदार त्र्यंबकराव गोड हसले. "तुला तो लागतो की नाही, ते पुढच्या दिवाळीला ठरेल. नाही लागला तर परत मिळेल. खबरदारी म्हणून आधीच कापून ठेवतो, इतकंच!"

गोजराबाई वेळूगडच्या राजाची चाखणारी. महाराजांच्या पानातला पहिला घास तिचा. विष असलं तर मरायचं तिने, नसलं तर जेवायचं महाराजांनी! असल्या चाकरीतून दर महिन्याला थोडं थोडं तिने म्हातारपणासाठी खजिन्यात ठेवलं होतं. आज चाकरीचा शेवटचा दिवस. त्या पैशांतून विधवा लेकीला दुभती म्हैस घेऊन द्यायची होती, आणि म्हैसवाला संध्याकाळी बाजार उठला की निघून जाणार होता.

ती तडक महाराजांपुढे उभी राहिली. "सरकार, पैसे बरोबर एका म्हशीपुरते आहेत. आता म्हशीचा कुठला भाग खजिन्यात ठेवू? मागचा ठेवला तर दूध खजिनदारसाहेबच काढतील!"

दरबार खो खो हसला. महाराज मात्र हट्टाला पेटले. नियम त्यांनी स्वतः केलेला, आणि स्वतःच्या नियमाहून त्यांना प्रिय असं एकच होतं, ते म्हणजे जेवण.

"कापलेलं काही बुडत नाही, म्हातारे! वर्षभर थांबायला काय होतं? 'आत्ताच्या आत्ता परत दे' असं माझ्या तोंडून वदवून दाखव, सगळे पैसे देतो. सूर्य मावळेपर्यंत नाही जमलं, तर सगळेच दिवाळीपर्यंत खजिन्यात!"

"बरं सरकार. पण आधी जेवून घ्या. पान वाढलंय."

महाराज पाटावर बसले. भरली वांगी, खव्याच्या पोळ्या, वाटीभर बासुंदी! गोजराबाईने रोजच्यासारखा एकेक घास चाखला. मग दोन पोळ्या उचलल्या, चांगली मोठी वांगी वेचली, बासुंदी अर्धी ओतून घेतली आणि सगळ्यावर झाकण ठेवून बसली.

"हे काय गं?"

"आगाऊ कपात, महाराज! चाखलेल्या घासात विष नव्हतं, पण उरलेल्यात नसेलच कशावरून? खबरदारी! पुढच्या दिवाळीपर्यंत आपण धडधाकट राहिलात की सगळं परत करीन."

"दिवाळीला? तोवर बुरशी येईल त्याला!"

"बुडत तर नाही ना, सरकार? वर्षभर थांबायला काय होतं?"

"अगं, भूक मला आज लागलीय! दे ते परत! आत्ताच्या आत्ता!"

वाढपी जागच्या जागी थिजले. गोजराबाईने शांतपणे झाकण काढलं. "घ्या सरकार. आता माझी म्हैस!"

 महाराज असे हसले, की बासुंदी मिशीला लागली. सगळे पैसे मोकळे करायचा हुकूम सुटला, म्हैसवाल्याला थोपवायला घोडेस्वार धावला, आणि महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराबाईपुढे धरलं.

सवयीने शेजारी उभ्या त्र्यंबकरावांचा हात कपातीसाठी पुढे आला!

गोजराबाईने कडं चटकन पदराखाली घेतलं. "थांबा साहेब! या वाड्यात पहिला घास माझा असतो!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला.