बहात्तर बरण्यांचं ताट

शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्या. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाची गोष्ट तशाच माणसानं लिहिली, तर दुसरं काय होणार? पण पेच मात्र पक्का होता!

"रेवण, उद्या दुपारच्या जेवणापर्यंत आपलं ऑनलाइन दुकान मांडून दे," चटणी-मसाल्याच्या दुकानाचे मालक महालिंगअण्णा उंबरजे गरजले. "बहात्तरच्या बहात्तर जिन्नस मोबाइलवर एका नजरेत दिसले पाहिजेत. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. आणि अक्षरं मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत!"

"अण्णा, पण मोबाइल एवढासा..."

"माझ्या दुकानाच्या उंबऱ्यावर गिऱ्हाईक उभं राहिलं की बहात्तर बरण्या एकदम दिसतात! मग मोबाइलला काय धाड भरलीय? जमलं नाही, तर परत डंकावर."

डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. रेवण कोळेकरनं त्यावर सहा वर्षं काढली होती. त्या सहा वर्षांत त्याचं एकही वाक्य शिंकेशिवाय पुरं झालं नव्हतं. लाजरेपणामुळं तो मुळातच कमी बोले. उरलेलं मिरचीनं बंद पाडलं. पाहून पाहून कॉम्प्युटर शिकला, तेव्हा कुठं खुर्ची मिळाली. ती आता चालली होती.

त्यानं सगळी चित्रं एका पडद्यावर कोंबली. अण्णांनी मोबाइल नाकाला लावला.

"ही काय मुंग्यांची रांग?"

"शेंगाचटणी आहे, अण्णा."

"मग गिऱ्हाईक ती चिमट्यानं उचलणार का?"

रेवणनं चित्रं मोठी करून एकाखाली एक लावली. अण्णांचा अंगठा खाली सरकत राहिला. चटण्या गेल्या, मसाले गेले, लोणची गेली.

"कुरडया कुठायत?"

"खाली."

"अजून खाली? अरं, ही विहीर आहे की दुकान?"

तिसऱ्या खेपेला त्यानं चित्रं आपोआप सरकती केली. आपण फार हुशार आहोत असं त्याला पुरतं एक मिनिट वाटलं. तेवढ्यात अण्णा ओरडले, "मी मेतकूट बघत होतो, ते पळालं! पकड त्याला!"

दुसरा दिवस उजाडला. बारा वाजत आले. रेवणच्या मनात अण्णांना द्यायची उत्तरं खूप होती. पण ती ओठापर्यंत येऊन पाहुण्यासारखी दारातच थांबत. तोंडानं जमणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं ताट घेतलं.

रोज अण्णांचा डबा घरून येई आणि माळ्यावर पान मांडलं जाई. आज पान रेवणनं मांडलं. अण्णा येऊन बसले, आणि बसल्या जागी थिजले. ताटात बहात्तर बरण्यांतली चिमूट चिमूट वाढलेली होती. कारळाची चटणी काळ्या मसाल्यात शिरली होती, सांडगे लोणच्यात बुडाले होते.

"हे काय आहे?"

"जेवण," रेवण पुटपुटला. त्याचे कान डाळिंबासारखे लाल झाले. "सगळं एका नजरेत आहे, अण्णा. कुणी वर नाही, कुणी खाली नाही."

"अरं, मेतकुटावर आंब्याचं तेल चढलंय! हे खायचं कसं?"

"मग कसं वाढायचं, अण्णा?"

"घोडा झालास तरी ताट वाढता येत नाही?" अण्णांचा आवाज चढला. "मीठ वर, मधोमध! डाव्या हाताला चटणी, लोणचं, कोशिंबीर. पापड-कुरडई पण डावीकडंच. उजव्या हाताला भाजी, आमटी. मध्ये भाकरी!"

रेवण खाली मान घालून कागदी पिशवीवर पेन्सिलीनं काहीतरी गिरवत होता.

"आणि चटण्या तर अठरा आहेत. त्या सगळ्या?"

"एक वाढायची! बाकीच्या वाढप्याच्या हातात. मागेल त्याला मागेल ती!"

रेवणनं पिशवी पुढं सरकवली. पिशवीवर एक ताट काढलेलं होतं आणि त्यात मोजक्या आठ जागा, ठसठशीत अक्षरांत. चटणीवर बोट ठेवलं की अठरा चटण्या पुढं याव्यात, आमटीवर ठेवलं की सगळे मसाले.

"तुम्हीच सांगितलंत, अण्णा. मी नुसतं गिरवलं."

अण्णांनी चष्मा कपाळावर सारला आणि वाचलं. सगळं वाचता आलं. म्हणून तर त्यांना जास्त राग आला.

"पण बहात्तर जिन्नस कुठं दिसतात?"

"पंगतीला बसलेल्या माणसाला ताट दिसतं, अण्णा. आतली पातेली कुणी त्याच्या मांडीवर आणून ठेवत नाही."

"बरं! पण तू सैंधव मीठ सगळ्यांत वर बसवलंस, आणि ज्या शेंगाचटणीवर माझं घर उभं आहे, ती बाजूला? गिऱ्हाईक काय समजेल?"

या खेपेला रेवणचं उत्तर दारात थांबलं नाही.

"अण्णा, मीठ वर वाढतात म्हणून आजवर कुणी भाकरी सोडून मीठ खात बसलंय का?"

अण्णा असे हसले, की ताटातल्या कुरडया उडाल्या. "ए, ऐकलं का रं खाली? ह्यानं मला जेवायला बसवून माझ्याच तोंडून काम करून घेतलं!"

खुर्ची कायम झाली. शिवाय डंकाच्या बाजूची पंख्याची खोली रेवणला कामासाठी मिळाली. आणि अण्णांचा मुलगा बसवराज, पुण्याहून डिझाइनची पदवी घेऊन परवाच परतलेला, त्याला अण्णांनी रेवणच्या हाताखाली शिकायला दिलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवण तासभर आधी आला. वाटेभर त्यानं साहेबी थाटाचं वाक्य पाठ केलं होतं: "बसवराज, चला, कामाला लागू." बसवराज समोर आल्यावर तोंडातून निघालं, "दादा, चहा घेणार का?" त्यानं स्वतःच चहा करून आणला. मग कान लाल करून एक रिकामं ताट त्याच्यापुढं ठेवलं आणि हळूच म्हणाला, "आता वाढून दाखवा."